ऑस्ट्रेलियाची भूमी आणि तिची माणसे : वाचनातले, प्रवासातले अनुभव

गेल्या आठवड्यात नाशिकजवळ कोणीतरी बांधावर निलगिरीचा पाला पेटवला होता आणि त्या धुराने मला काकाडूची आठवण झाली. उत्तर ऑस्ट्रेलियातील या अरण्यात बिनिंज आणि मुंगुय हे तेथील आदिवासी लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. पावसाळा सरून येग्गे ऋतूत कोरडे वारे सुटले आणि वुलीबट निलगिरी फुलली, की रान तुकड्यातुकड्यांनी जाळण्याची वेळ झाली असे ते ओळखतात. या मंद आगीने वाळके गवत जाते, चरणाऱ्या प्राण्यांना कोवळे कोंब मिळतात आणि पुढे मोठ्या वणव्याला जळण उरत नाही. आदिवासी आगीच्या साहाय्याने जमिनीची निगा कशी राखत, हे सांगणारे इतिहासकार बिल गॅमेज यांचे २०११ सालचे पुस्तक आधी वाचलेले असल्यामुळे ती काळवंडलेली जमीन मला उजाड वाटली नाही. ती राखलेली दिसली. या धाग्यावर आपलेही अनुभव अवश्य लिहावेत.

यारातीर
आम्ही मेलबर्नहून नैऋत्य व्हिक्टोरियातल्या बज बिमला गेलो होतो. ज्वालामुखीच्या काळ्या दगडांतून गुंडिच्मारा आदिवासींनी किमान ६,६०० वर्षांपूर्वी पाट काढले, बांध घातले आणि वाम मासे वाढवले. आदिवासी म्हणजे केवळ भटके शिकारी, असे लहानपणी मनावर ठसलेले चित्र तेथे पूर्णपणे पुसले गेले. २०१९ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा ठरले. वाटाड्या त्याच समाजाचा होता, आणि माझ्या मते तेथे वाटाड्याशिवाय जाऊच नये.

आंबोळी
आमच्या सिंधुदुर्गात सामाजिक वनीकरणाने लावलेल्या आकेशियाखाली, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभळीखाली, फारसे काही उगवत नाही, म्हणून त्या झाडावर माझा राग होता. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराजवळ ते त्याच्या मूळ रानात, इतर झाडांच्या सोबतीने उभे असलेले पाहिले आणि राग झाडावरून लावणाऱ्यांच्या निवडीकडे वळला.

पानगळ
मला ही वाट कवितेने दाखवली. ऊजरू नूनुक्कल यांचा १९६४ चा संग्रह हा ऑस्ट्रेलियातील आदिवासी कवीचा प्रकाशित झालेला पहिला काव्यसंग्रह. त्या कविता मुंबईत वाचल्या होत्या. पुढे ब्रिस्बेनला गेल्यावर क्लीव्हलंडहून बोटीने त्यांच्या मिंजेरिबा बेटावर जाऊन आले.

दख्खनी
मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकावर चढणे २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे आणि ते अगदी योग्य झाले. त्याला पवित्र मानणारे तेथील अनांगू आदिवासी कितीतरी वर्षे चढू नका असे विनवीत होते. आम्ही पायथ्याची सुमारे १० किलोमीटरची प्रदक्षिणा केली. काही जागांची छायाचित्रे घेऊ नयेत असे फलक आहेत, तेथे कॅमेरा बंद ठेवला.

सायली
काकाडूला डिसेंबरात आईला घेऊन जावे का?

धागाकर्ती
सायलीताई, डिसेंबरात तेथे दमट उकाडा आणि गडगडाटी पाऊस असतो, त्यामुळे आईंना त्रास होईल. जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे वुर्गेंग ऋतूत जावे. त्या वेळी पाणथळी आटू लागतात, उरलेल्या पाण्यावर मॅगपाय हंसांची दाटी होते आणि जिम जिम धबधब्याचा रस्ताही सहसा खुला असतो.