स्लॅमची तीन मिनिटं आणि फिरतीचा एक तास

अनवट: शिकागोच्या ग्रीन मिल बारमध्ये मार्क स्मिथने 1986 साली कवितेचा स्लॅम, म्हणजे मंचावर कविता सादर करून गुण मिळवायची स्पर्धा, रुजवला. पुढे स्पर्धांमध्ये नियम पक्का झाला: तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट, त्यापुढे दर दहा सेकंदांना अर्धा गुण कट. माझ्या मते या घड्याळाने फिरत्या कवीचं नुकसानच केलं. पोट भरतं ते कॉलेजांतल्या तासाभराच्या कार्यक्रमांवर, आणि तिथे स्लॅमवीराचा दम विसाव्या मिनिटाला संपतो. सगळ्या कविता एकाच साच्यातल्या: हळू सुरुवात, मधे यादी, शेवटी चढा आवाज. तिसऱ्या कवितेलाच कान किटतात.

ठेचा: घड्याळाला कशाला बोल लावता? हशा-टाळ्याही त्या तीन मिनिटांतच मोजल्या जातात, म्हणून कविता घरी 2:40 वर बसवावी लागते. त्या वीस सेकंदांसाठी पहिली बळी जातात ती विशेषणं. यात वाईट काय? कवयित्री पॅट्रिशिया स्मिथने अमेरिकेतला राष्ट्रीय स्लॅम चार वेळा जिंकला, आणि कतरिना वादळावरचा तिचा संग्रह 2008 मध्ये नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होता.

अनवट: अपवाद सांगू नका. परीक्षक पाच, तेही श्रोत्यांतून उचललेले. सर्वांत वरचा आणि खालचा आकडा टाकतात, उरलेल्या तिघांची बेरीज. रात्र चढते तसे आकडेही चढतात. म्हणून तर आधी स्पर्धेबाहेरचा एक कवी ‘बळी’ म्हणून उभा करतात, परीक्षकांचा हात बसावा यासाठी. अशा बाजारात हळू आवाजाची कविता कोण लिहील?

पाटीपेन्सिल: दोघेही क्रमाबद्दल बोलत नाही आहात. तासाला अकरा-बारा कविता पुरतात, बाकी वेळ मधल्या बोलण्याचा. दोन चढ्या कविता लागोपाठ ठेवल्या की दुसरी पडते, कारण श्रोत्याला खाली उतरायला जागाच मिळत नाही. माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित तिरपा हवा, नाहीतर प-फ-भ फटाफट फुटतात. आणि घसा कवितांनी कमी बसतो, नंतर पुस्तकांच्या टेबलाशी गोंगाटावर ओरडून बोलल्याने जास्त. आपल्याकडे विंदा, बापट आणि पाडगावकर एकत्र फिरायचे. आवाज तीन, त्यामुळे कानाला आपसूक पालट मिळायचा.

ठेचा: उपाय झकास. पण तीन कवी म्हणजे तीन तिकिटं आणि तीन खाटा. कॉलेज मानधन एकाचंच धरून बसलेलं असतं, त्याचं काय?