दहावीच्या निरोपसमारंभातील शेलापागोटी ठेवावीत की बंद करावीत?

प्रश्न: खडू_आणि_डस्टर (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. ठाण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी दहावीची वर्गशिक्षिका आहे. आमच्याकडे निरोपसमारंभात मुले एकमेकांवर शेलापागोटी, म्हणजे हल्ली सगळे ज्यांना फिशपाँड म्हणतात ती, लिहितात. निनावी चिठ्ठ्या एका मडक्यात जमा होतात, सूत्रसंचालक एकेक काढून वाचतो आणि ज्याच्यावर ती चिठ्ठी असेल त्याने उठून उभे राहायचे, अशी आमची जुनी रीत आहे. त्यानंतर 'वीस वर्षांनंतर' नावाचा खेळ होतो, ज्यात प्रत्येकाचे भविष्य वर्तवले जाते.

गेल्या वर्षी एका मुलीच्या रंगावर चिठ्ठी निघाली. सभागृह हसले, ती स्वतःही हसली, आणि खरे सांगायचे तर मीही हसले. नंतर ती बराच वेळ पाण्याच्या टाकीपाशी तोंड धुवत उभी होती, आणि प्रवेशपत्र न्यायला ती न येता तिची आई आली. आईने तक्रार केली नाही, फक्त माझ्याकडे न बघता सही केली.

यंदा मुख्याध्यापिकांचे म्हणणे आहे की हा प्रकार बंदच करावा आणि त्याऐवजी सर्वांना एकेक पेन व शुभेच्छापत्र द्यावे. मला ते पटत नाही, परंतु ठेवायचे तर कसे, याचे उत्तरही माझ्याकडे नाही. शिवाय वीस वर्षांनंतरची भविष्येही इतकी ठरावीक झाली आहेत (अर्धा वर्ग अमेरिकेत, उरलेला नगरसेवक) की ऐकताना जांभया येतात. परीक्षा आता लवकर सुरू होत असल्याने, २०२५ साली तर दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती, पूर्वपरीक्षा आणि निरोपसमारंभ यांच्यात तयारीला जेमतेम आठवडा मिळतो. त्या आठवड्यात नेमके काय करावे?

उत्तर १: नऊ_नंबरचा_फलाट (ऐरोली)

बाई, कृपा करून बंद करू नका. पेन आठवड्यात हरवते. माझ्यावरचे शेलापागोटे मला तेवीस वर्षांनंतरही तोंडपाठ आहे.

शेला आणि पागोटे ही मुळात मानाची वस्त्रे. एखाद्याचा सत्कार करायचा तर ती अंगावर घालतात. तेव्हा चिठ्ठी कितीही खट्याळ असली, तरी ती ऐकून झाल्यावर त्या माणसाचा सत्कार झाल्यासारखे वाटले पाहिजे, एवढी एकच अट पुरेशी आहे असे मला वाटते. रंग, उंची, वजन, तोतरेपणा, बापाचा धंदा यांवर लिहिलेल्या चिठ्ठीत सत्कार कुठेच नसतो. याउलट जी खोड माणूस स्वतः मिरवत असतो, तिच्यावर लिहिले की तोच सर्वांत मोठ्याने हसतो.

आमच्या वर्गात एक मुलगा रोज पहिला तास बुडवायचा आणि रोज गाडीला दोष द्यायचा. आमच्या मराठीच्या सरांनी अट घातली होती की चिठ्ठी गद्यात चालणार नाही, वृत्तातच हवी, आणि वृत्तही सोपे दिले होते: भुजंगप्रयात, म्हणजे मनाच्या श्लोकांचे. लघु-गुरु-गुरु असा गण चार वेळा, ओळीत बारा अक्षरे. चाल सर्वांना लहानपणापासून येत असल्यामुळे अख्खा वर्ग एका सुरात म्हणू शकतो. त्याच्यावर आम्ही लिहिले ते असे:

उशीरा उशीरा सदा रोज आला
म्हणे लोकलीनेच हा घात केला
पुढे लोकलीचेच सारथ्य घेई
फलाटावरी गाव हे वाट पाही

पहिल्या ओळीत 'उशिरा'तला 'शि' दीर्घ केल्याबद्दल सरांनी अर्धा गुण कापला आणि 'लोकलीने' हे रूप कुठल्या व्याकरणात आहे, असेही विचारले. पण चौथी ओळ ऐकून तेच खुर्चीत मागे रेलून हसले. तुमचा भविष्याचा खेळही यातच आला, हे लक्षात घ्या. त्याची खोड मोठी करत करत आम्ही त्याला मोटरमन केले आणि सगळ्या गावाला त्याच्यासाठी ताटकळत ठेवले, म्हणजे शेवटी जिंकला तोच. 'अमेरिकेत जाईल' असल्या भविष्यात ना खोड असते ना माणूस.

वृत्ताचा आणखी एक फायदा सांगतो. ज्याला फक्त टोचायचे असते, तो बारा अक्षरे जुळवत बसत नाही.

उत्तर २: निवृत्त_लेखनिक (कोपरी)

मी एका वकिलांकडे एकतीस वर्षे लेखनिक होतो, त्यामुळे माझी सूचना थोडी कागदोपत्री आहे.

अमेरिकेतल्या हायस्कुलांतून बाहेर पडणारी मुले खालच्या वर्गासाठी गमतीचे मृत्युपत्र लिहून ठेवतात, असे माझ्या भाच्याने सांगितले, आणि मला वाटले की हा प्रकार आपल्या मराठी दस्तऐवजांच्या भाषेत जास्त खुलेल, कारण ती भाषा आधीच इतकी गंभीर आहे की तिच्यात शाळेचा बाक ठेवला की हसू आपोआप येते. नमुना देतो:

'आम्ही खाली सह्या करणार, इयत्ता दहावी ब, राहणार शेवटचे तीन बाक, स्वखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो की, खिडकीलगतचा बाक, चतुःसीमा पूर्वेस भिंत, पश्चिमेस कचऱ्याची टोपली, उत्तरेस नकाशांचे कपाट व दक्षिणेस मॉनिटर, हा त्यावर कर्कटकाने कोरलेल्या सर्व नावांसह नववी ब यांस कायमचा देत आहोत. पंख्याचे चार नंबरचे बटण दोनदा दाबावे लागते, हे ज्ञान सोबत विनामूल्य. "आजी आजारी होती" हे कारण आम्ही वापरून संपवले असल्याने ते कोणासही देता येत नाही.'

आता कायद्याचे. इच्छापत्र करणारी व्यक्ती सज्ञान आणि शुद्धीवर असावी लागते. मुले पंधरा-सोळा वर्षांची असल्याने पहिली अट पुरी होत नाही, आणि दहावीच्या वर्षात दुसरीही होते की नाही, याची मला शंका आहे. किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्या शिपाईकाकांच्या आणि ग्रंथपालांच्या घ्याव्यात, म्हणजे त्यांनाही समारंभात बोलावणे होते, जे एरवी राहून जाते.

यात कोणाची टिंगल होत नाही, कारण विषय माणूस नसून त्याची मागे राहणारी वस्तू असते. वृत्तबद्ध शेलापागोट्यांना माझा विरोध नाही, मात्र आठवड्याभरात चाळीस मुलांवर चाळीस श्लोक होतील का, हा हिशेब बाईंनी करावा.

उत्तर ३: मासुंदाकाठ (ठाणे पश्चिम)

वरील दोघांचे म्हणणे रंजक आहे, पण मला ते थोडे सोयीचे वाटते. ज्या मुलीवर तशी चिठ्ठी निघाली, तिच्या जागी मी होते. शाळा वेगळी आणि साल १९९६, एवढाच फरक. वृत्तात लिहिले म्हणून ती चिठ्ठी कमी लागली असती, असे मला वाटत नाही. उलट अख्ख्या वर्गाने ती सुरात म्हटली असती.

माझ्या मते दोष मडक्यात आहे. निनावी चिठ्ठी लिहिणाऱ्याला काहीच मोजावे लागत नाही. म्हणून लिहिणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर असावे, आणि चिठ्ठी सूत्रसंचालकाने न वाचता ज्याच्यावर आहे त्याला आदल्या दिवशी देऊन त्यानेच मंचावर वाचावी. नको असेल, तर खिशात घालून खाली यावे. कोणी कारण विचारू नये. आणि 'ठाण्याला पाठवा' हा येथील मनोरुग्णालयावरचा विनोद बाहेरगावच्या लोकांनी आपल्यावर इतका केला आहे, की निदान ठाण्याच्या मुलांनी तो एकमेकांवर करू नये, अशी विनंती आहे.

भविष्याच्या खेळाबद्दल एक सुचवते. माझ्या मुलीच्या वर्गाने भविष्ये बातमीच्या स्वरूपात लिहिली होती. फळ्यावर बडबड्यांची नावे लिहिणाऱ्या त्यांच्या मॉनिटरवरची बातमी मी जपून ठेवली आहे: 'ठाणे, १४ फेब्रुवारी २०४६ (आमच्या वार्ताहराकडून): घोडबंदर मार्गावरील वाहतूक कोंडी अखेर सुटली. कापूरबावडी नाक्यावर मोठा फळा उभारून गडबड करणाऱ्या मोटारींचे क्रमांक त्यावर लिहिण्याची योजना यशस्वी झाल्याचे नूतन वाहतूक अधिकाऱ्यांनी सांगितले. क्रमांकापुढे फुली पडलेल्या एका डंपरने रडून माफी मागितल्याचे कळते.' ती मुलगी हे वाचताना दोनदा थांबली, कारण तिला हसू आवरत नव्हते.

खडू_आणि_डस्टर (मूळ प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. मासुंदाकाठ ताई, आपले उत्तर मी मुख्याध्यापिकांना वाचून दाखवले. त्या काही वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की मडके काढून टाका, बाकीचे करा.

त्यामुळे यंदा मडके नाही. चिठ्ठ्या नावानिशी असतील आणि ज्याच्या त्यानेच वाचायच्या आहेत. श्लोकांचा हिशेब काकांनी बरोबर ओळखला. चाळीसपैकी नऊच जुळले, ते नऊ ठेवले आणि उरलेल्यांना बातम्या लिहायला दिल्या. गेल्या वर्षीच्या त्या मुलीला मी फोन केला होता. तिने समारंभाला येण्याचे कबूल केलेले नाही. मी झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली, ती तिने ऐकून घेतली.

इच्छापत्राचा मसुदा काल मुलांनी आणून दिला. नियम सर्वांना सारखा असल्याने माझ्यावरचे कलम मलाच वर्गात मोठ्याने वाचावे लागले: 'बाईंची "शेवटची पाचच मिनिटे" आम्ही गेले वर्षभर सांभाळली असून त्यांची एकूण बेरीज बावीस पीटीचे तास होते. ते सर्व तास बाईंस साभार परत करीत आहोत, त्यांनी ते मैदानावर धावून वापरावेत.'

एक शंका राहिली आहे. ग्रंथपाल रजेवर असल्याने दुसरी साक्षीदार म्हणून मीच सही केली आहे. चालेल ना?

निवृत्त_लेखनिक (कोपरी)

ज्याला काही मिळणार आहे, त्याने साक्षीदार होऊ नये, असे आम्ही पक्षकारांना नेहमी सांगत असू. सही ठेवायची असेल, तर बावीस तासांवर पाणी सोडा.