व्हिलार्द गाय वाचवायची तर चीजचा नियम आधी की वळू आधी?

डोंगरवाट: फ्रेंच आल्प्सलगतच्या व्हेर्कोर पठारावरची व्हिलार्द ही गव्हाळ, एकरंगी गाय. दूध, मांस, औत, तिन्ही कामांची. ट्रॅक्टर आले, औत सुटलं. आता काही शेकडा गाई उरल्यात. माझ्या मते खोट तिथल्या ‘ब्ल्यू द्यू व्हेर्कोर-सासनाज’ या निळ्या चीजच्या नियमात आहे. 1998 साली त्याला नामसंरक्षण मिळालं, म्हणजे ठरलेल्या भागात, ठरलेल्या नियमांनी केलेल्या चीजलाच ते नाव लावता येतं. पण त्या नियमात व्हिलार्दसोबत माँबेलियार्द आणि आबाँदांस या जातीच्या गाईही चालतात. भरपूर दुधाची माँबेलियार्द चालत असताना व्हिलार्द दावणीला कोण बांधेल? बोफोर चीज बघा: फक्त तारीन आणि आबाँदांस जातीच्या गाई, मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) बंद, कळपाची सरासरी गाईमागे वर्षाला 5000 किलोच्या वर न्यायची नाही. जादा दुधाची गाय आणून फायदाच नाही!

गोठेकर: तारीन हजारोंनी आहेत, त्यामुळे ही तुलना चालत नाही. उद्या सक्ती केलीत तर दूध कुठून आणणार? 100 गाईंमागे वर्षाला 90 वासरं धरा, म्हणजे 45 कालवडी. म्हाताऱ्या गाईंच्या जागी 20-25 लागतात, काही दगावतात, काही गाभणच राहत नाहीत. कळप वाढवायला उरतात 15 च्या आसपास, आणि त्याही तिसऱ्या वर्षी विणार.

खरी मेख वळूंत आहे. घाई झाली की सगळे त्याच दोन-चार नामी वळूंच्या रेतकांड्या (गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या) भरतात. आनुवंशिक विविधतेच्या हिशेबाने कळप किती जनावरांएवढा आहे, ती ‘परिणामकारक संख्या’. तिचं सूत्र असं: 4 × वळू × गाई ÷ (वळू + गाई). 300 गाईंना 5 वळू असतील तर परिणामकारक संख्या जेमतेम 20, म्हणजे दर पिढीला अंतःप्रजनन (नात्यातल्या जनावरांचा संकर) 2.5 टक्क्यांनी वाढणार. ते 1 टक्क्यात ठेवायला ही संख्या 50 तरी हवी. त्याच गाईंना 20 वळू लावा, संख्या 75 वर जाते. एकही गाय न वाढवता! नाहीतर आधी गाभण राहण्याचं प्रमाण घसरतं, मग वासरं अशक्त निपजतात.

डोंगरवाट: वळू हवेत, मान्य. पण कालवडीला गिऱ्हाईक नसेल तर −196 अंशांत ठेवलेली कांडी भरणार कोण? पूर्ण सक्ती नको, 10 गाईंमागे 1 व्हिलार्द एवढंच.

दूधसाय: ही अट तपासणार कशी? या चीजसाठी आदल्या संध्याकाळचं दूध तापवून त्यात सकाळचं कच्चं दूध घालतात, आणि डेअरीच्या टाकीत सगळ्या गोठ्यांचं एकत्रच असतं. दुधाऐवजी गाईंच्या कानातले बिल्ले मोजा.

गोठेकर: बिल्ल्यांचं पटलं. मग त्याच अटीत एका वळूच्या वर्षाला किती कांड्या भरायच्या याचीही मर्यादा घाला. नाहीतर 10 त 1 पुरी करायला सगळे एकाच वळूमागे लागतील.