नेव्हीत दाढी चालते, मग आर्मीत का नाही?

घाटावरचा
परवा सातारा स्टँडवर दोन चुलतभाऊ भेटले, दोघंही सुट्टीवर आलेले, एक नेव्हीत आणि एक मराठा लाइट इन्फंट्रीत. नेव्हीवाल्याची झकास राखलेली दाढी, आणि दुसरा बिचारा चार दिवसांची खुंटं कुरवाळत म्हणतोय, परत जायच्या आदल्या दिवशी उडवायची. देश एक, पगार देणारं सरकार एक, मग गाल वेगळे का? नेव्हीत परवानगी मागायची आणि ठेवायची, तू कुठल्या धर्माचा हे कुणी विचारत नाही. आर्मी आणि एअर फोर्समध्ये शीख सोडून बाकीच्यांना साधारण बंदीच (स्पेशल फोर्सवाले कामासाठी वाढवतात ते सोडा). आणि ज्या इंग्रजांकडून आपण हे सगळं उचललं त्यांच्या आर्मीनेच मार्च २०२४ मध्ये परवानगी देऊन टाकली, लांबी अडीच ते साडेपंचवीस मिलिमीटर, नीटनेटकी, मध्येच ठिगळं नकोत. माझं सरळ म्हणणं, धर्म न विचारता सगळ्यांना द्या.

पेन्शनर हवालदार
साहेब, सिव्हिलमधनं हे सोपं दिसतं. मी बावीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची आठ वर्षं हाताखालची पोरं सांभाळण्यात गेली. सकाळी फॉल इनला, म्हणजे रांगेत हजेरीला, मी पोरांचे बूट नंतर बघायचो, आधी गाल. रोज घोटून येणारं पोरगं एक दिवस तसंच आलं की मी रगडा द्यायचो नाही, बाजूला घेऊन विचारायचो, घरी काय झालंय? निम्म्या वेळा काहीतरी असायचंच, बायकोचं भांडण, जमिनीची कोर्टकचेरी, एकाचा बाप दवाखान्यात. दाढी ठेवायला दिली तर हे मला कुठनं कळणार? शिस्त म्हणजे नुसता टर्नआउट, वरचा टापटीपपणा, नव्हे.

दर्यावर्दी
हवालदारसाहेब, मुद्दा पटला पण अर्धाच. आमच्याकडे दाढी म्हणजे आळस नाही हो, उलट जास्त काम. आधी परवानगी घ्यायची, मग वाढवायची, मिशीसकट पूर्ण, हनुवटीवर नुसता बोकड चालत नाही. पहिले दोन आठवडे इतकी खाज की निम्मे तिथेच माघार घेतात. आणि दाढीवाला ट्रिम न करता आला की तेही लगेच दिसतं, तुमच्यासारखी नजर असली तर.

प्रयोगशाळेतली ताई
मास्कचं कुणीच बोलत नाहीये का? मी केमिकल कंपनीत सेफ्टी बघते. मास्कची रबरी कड कातडीला घट्ट चिकटली तरच उपयोग, मध्ये केस आले की हवा आत शिरते. आमच्याकडे खुंट वाढलेल्या माणसाला मी आत सोडत नाही, मग तो कितीही सीनियर असो. पहिल्या महायुद्धात गॅस आल्यावर सैनिकाच्या दाढीचे दिवस भरले ते उगाच नाही.

घाटावरचा
ताई, पण इंग्रजांनी त्याचीही सोय ठेवलीये, धोका असेल तिथे उतरवायचा हुकूम निघू शकतो. राजस्थानात पहाऱ्याची ड्युटी करणाऱ्या पोराला रोज गॅस मास्क लागतो का? आणि आपल्या एअर फोर्सचे शीख मार्शल अर्जनसिंग दाढीसकट विमानं उडवत होतेच की.

कोर्टाची पायरी
धाग्याला खरी गाठ इथे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एअर फोर्सच्या एका मुस्लिम जवानाची याचिका फेटाळली. नियम ४२५ असा की ज्याच्या धर्मात केस कापायला किंवा दाढी करायलाच मनाई आहे त्यालाच सूट, आणि तशी मनाई आहे असं कोर्टापुढे सिद्ध झालं नाही. कायद्याने निकाल समजू शकतो. पण त्यामुळे काय होतं बघा, गालावरचे केस ठेवायचे का हे ठरवायला न्यायाधीशांना धर्म काय सांगतो ते विचारत बसावं लागतं! नेव्हीच्या पद्धतीत हा प्रश्नच उठत नाही. म्हणून मी घाटावरच्याच्या बाजूने.

मिशीवाला मामा
दाढी नको, मिशी बास. पीळ देता येतो.

कातडीचा डॉक्टर
एक गोष्ट राहिली. ज्यांचे केस कुरळे त्यांना रोज घोटून दाढी केली की केस वळून परत कातडीत शिरतात, फोड येतात, डाग पडतात. अमेरिकेत हा त्रास काळ्या सैनिकांना जास्त. तिथे २०२५ मध्ये संरक्षणमंत्री हेगसेथ यांनी जनरल लोकांना गोळा करून दाढ्या बंद म्हणून सांगितलं, आणि वैद्यकीय सवलतही साधारण वर्षभराचीच, तेवढ्यात बरं नाही झालं तर नोकरीवर गदा. माणूस लढायला फिट, फक्त गालाने नापास, हे मला तरी पटत नाही.

पेन्शनर हवालदार
डॉक्टर, आजारी माणसाचं वेगळं, त्याला आमच्याकडेही एमओची, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरची, चिठ्ठी चालते. मी धडधाकट पोरांचं बोलतोय. एका सेक्शनमध्ये दहा जण, चौघांची दाढी भरते, तिघांची ठिगळं, बाकीच्यांना येतच नाही. मग बराकीत चेष्टा, तू पास तू नापास, आणि ते मिटवायला कोण? हवालदार. एकाची जळते दाढी, दुसरा त्यावर पेटवतो विडी, तसलं होतं ते. इंग्रजांच्या आर्मीत १९१६ पर्यंत मिशी सक्तीची होती, तेव्हाही ज्याला येत नसेल त्याचे हालच झाले असतील.

दर्यावर्दी
चेष्टा तर जहाजावर पण होते, कुणी मेलं नाही अजून 😄

घाटावरचा
हवालदारसाहेब, एक खरं सांगा. सियाचिनला होतात ना तुम्ही? वर पोस्टवर रोज घोटत होतात?

पेन्शनर हवालदार
नाही. पाणी म्हणजे बर्फ वितळवून, त्यासाठी रॉकेल जाळायचं, ते काय गालासाठी? सगळ्यांच्या दाढ्या छातीकडे निघालेल्या. तिथे कोण उदास आहे ते मी कोण किती खातो यावरनं ओळखायचो.

घाटावरचा
मग खाली आल्यावर पहिलं काय, न्हावी?

पेन्शनर हवालदार
आंघोळ. न्हाव्याचा नंबर दुसऱ्या दिवशी लागला.