जुनं लिखाण काढून टाकायचं की तारखेसकट ठेवायचं?

धागाकर्ता (दारव्हा तालुका): २००८ पासून माझ्या वेबसाइटवर कापूस-तुरीबद्दल लिहितो. दीडेकशे पानं झाली, सगळी तारखेनं लावलेली. परवा शेजारच्या गावचा पोरगा मोबाइल घेऊन घरी आला. स्क्रीनवर माझंच २००९ चं पान: तुरीच्या शेंगअळीला एंडोसल्फान, पंपाला किती मिली तेही लिहिलेलं. "काका, कृषी केंद्रवाला नाही म्हणते, कुठं भेटल?" सर्वोच्च न्यायालयानं मे २०११ मध्येच त्यावर बंदी घातली, पान मात्र मी तसंच ठेवलं. त्या रात्री झोप लागली नाही. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात माणसं गेली. म्हणून ठरवलंय, जुनं सगळं काढायचं आणि उरलेलं पेरणी, डवरणी, फवारणी, वेचणी असं कामानुसार लावायचं.

पांदणवाट: काढू नका, हात जोडून सांगतो. बोंडअळीला तोंड देणारा बीटी कापूस २००२ ला आला. तुमच्या सुरुवातीच्या पानांवर फवारे कमी झाल्याचं समाधान आहे, २०१७ च्या पानावर फोडलेल्या बोंडात गुलाबी अळी. ही दोन्ही पानं एकामागून एक वाचली तरच आपलं काय झालं ते कळतं. कामानुसार लावलंत की हा क्रम मोडतो. शिवाय त्या पानांचे पत्ते लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत, पान काढलं की त्यांना रिकामं दिसेल.

पऱ्हाटी: मले नाही पटत. वावरात उभा असलेला माणूस इतिहास वाचाले येत नाही, आज काय करू ते पाहाले येते. त्याले तारीख दिसतच नाही, औषधाचं नाव दिसते. अन् भाऊ, तुमचे सुरुवातीचे लेख कृतिदेव ह्या जुन्या फॉन्टमधले हायेत. माह्या मोबाइलवर 'कापूस'च्या जागी 'डी के आय डब्ल्यू एल' दिसते. शोधलं तरी सापडत नाही. असं लिखाण ठेवून कोनाले फायदा?

पांदणवाट: मग युनिकोडमध्ये आणा! वाचता येत नाही म्हणून कोणी सातबारा फाडत नाही.

पऱ्हाटी: सातबाऱ्यावर जुनी नोंद रद्द झाली तर तिले कंस करतात. तुमी तसं काय केलं होतं त्या पानावर?

धागाकर्ता: हे लागलं मनाला. आत्ताच त्या पानावरून मात्रा काढली. वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'या औषधावर २०११ पासून बंदी आहे, वापरू नका.' पत्ता तोच ठेवला. औषधांची बाकी पानंही एकेक करून तपासतो. पण मुखपृष्ठ कामानुसारच लावणार, तारखेची यादी आत राहील. पांदणवाट, यावर आपलं जमणार नाही.

पांदणवाट: नाहीच जमणार. पण कृतिदेवची पानं मला पाठवा. निम्मी मी बदलून देतो, जोडाक्षरं हातानं तपासावी लागतील.