कन्सल्टंट कोणी नेमायचा, आर्किटेक्टने की मालकाने?

चिरेबंदी, फोंडा
काल एका घरमालकाने इथे लिहिलं की आर्किटेक्ट ओळखीचे कन्सल्टंट गळ्यात मारतात, त्यात त्यांचं कमिशन असतं. मालकाने तीन कोटेशनं मागवून सगळ्यांत स्वस्त स्ट्रक्चरवाला, म्हणजे बीम-कॉलमचं डिझाइन करणारा इंजिनिअर, स्वतःच नेमावा. मी कमिशन घेत नाही, आणि हे वाचून गप्प बसवत नाही.

स्क्वेअर फुटाच्या दरात काय काय येतं, हे त्या कोटेशनांवर लिहिलेलं असतं का? साइटवर किती वेळा येणार? स्लॅबआधी स्टील कोण तपासणार? सॉइल रिपोर्ट वाचणार की एसबीसी, म्हणजे जमिनीची भार पेलायची ताकद, अंदाजाने धरणार? दर खाली येतो तो हेच गाळून. पर्वरीच्या एका बंगल्यात मालकाने असाच स्वस्तातला आणला आणि प्लंबिंगला कुणी नेमलंच नाही. टॉयलेटचा चार इंची पाइप न्यायला जागा उरली नाही, तेव्हा मिस्त्रीने ब्रेकर लावून बीमच फोडला. मी गेलो तेव्हा खालच्या सळ्या उघड्या पडल्या होत्या, त्यांना वेढणारी एक रिंग कापून बाजूला वाकवलेली. डिझाइन करणाऱ्याला फोन केला, तर म्हणे व्हिजिट माझ्या फीमध्ये नाही.

काणकोणात 4 जानेवारी 2014 ला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून मजूर मेले. इतक्यात विसरलो?

बार्देसकर
ती पोस्ट माझीच. तुम्ही कमिशन घेत नाही, चांगलं आहे. माझ्या आर्किटेक्टने मोठ्या नावाचा कन्सल्टंट आणला होता. कराराला साहेब स्वतः आले, पुढे शेवटपर्यंत नुकता पास झालेला पोरगा. काही विचारलं की 'सरांना विचारून सांगतो'. तक्रार केली तर आर्किटेक्ट त्यालाच सांभाळून घ्यायचा, कारण दोघांची पुढची कामं एकत्र. घर माझं, कर्ज माझं, आणि निवडायचा हक्क तेवढा तुमचा?

स्ट्रक्चरवाला, मडगाव
आर्किटेक्ट आम्हाला बोलावतो कधी? टीसीपी (नगर नियोजन खातं) आणि पंचायतीची मंजुरी हातात आल्यावर. तोवर कॉलम कुठे यायचे ते थ्रीडीत ठरलेलं असतं. सर्टिफिकेटवर सही मात्र आमची, जबाबदारी आमची. खाजनालगतच्या (खाडीकाठच्या सखल जमिनीजवळच्या) एका प्लॉटवर माती तपासायचा बोअर न घेताच साध्या फुटिंगचं, म्हणजे उथळ पायाचं, बजेट मालकाला सांगून टाकलेलं. खाली मऊ चिखल लागला, पाइल्स (खोलवर जाणारे काँक्रीटचे खांब) आल्या, आणि वाईट ठरलो आम्ही.

काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 किनाऱ्यावरच्या हवेला 'सिव्हिअर' म्हणतो: एम 30 काँक्रीट, सळीवर 45 मिमी काँक्रीटचं कव्हर. दर्शनी भागावरच्या चार इंची फिनला (पातळ उभ्या पट्टीला) दोन्ही बाजूंनी 45 सोडले की सळीला 10 मिमी उरतात. हे सांगितलं की आम्ही अडेलतट्टू. फीसुद्धा आर्किटेक्टच्या हातातून, झिरपत झिरपत. वास्तुवाल्याला मात्र पहिल्या दिवशी बोलावतात आणि रोख देतात!

डिचोलीकर
कव्हरवर भांडताय, पण सळ्या गंजतात त्या गळक्या स्लॅबमुळे. वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस, आणि तुम्ही सपाट टेरेस काढता. वॉटरप्रूफिंगचा कन्सल्टंट दहा वर्षांची गॅरंटी लिहून देतो, दोन पावसाळ्यांत मालक वर पत्रे चढवतो. म्हापशाहून डिचोलीला येताना बघा, जिकडेतिकडे पत्रे. आमच्या जुन्या चिऱ्याच्या घराला मंगळुरी कौलं होती. मे महिन्यात परतून घेतली की झालं. कन्सल्टंट लागला नाही.

चिरेबंदी, फोंडा
बाब, कौलं परतणारा आज आणून दाखवा. माकडं कौलं फोडतात, लाकडाला वाळवी लागते, हे मालकच येऊन सांगतो. टेरेस माझ्या हट्टाने होत नाही, वर पुढेमागे मजला चढवायचा असतो म्हणून होते.

डिचोलीकर
मग उतरता स्लॅब घालून त्यावर कौलं बसवा. ते का नको?

चिरेबंदी, फोंडा
उतारावर काँक्रीट खाली सरकतं, व्हायब्रेटर धड चालत नाही, पोकळ्या राहतात. असे स्लॅब सपाटपेक्षा जास्त गळताना पाहिलेत.

स्ट्रक्चरवाला, मडगाव
पाणी कमी ठेवा, खालून वर भरत जा, जास्त उताराला वरूनही शटरिंग लावा. नीट होतो. पण उतार किती ठेवायचा हे स्केच करतानाच आम्हाला विचारायला नको का?

डिचोलीकर
म्हणजे गळणारे स्लॅब तुमच्या दोघांच्या अबोल्यामुळे. भोगतो तो मालक.

बार्देसकर
पत्र्यांचा वेगळा धागा काढा! माझ्या प्रश्नाचं काय? आर्किटेक्टने नावं सुचवायला माझी हरकत नाही, एवढं मान्य करतो. पण करार माझ्याशी, पैसे थेट माझ्याकडून. कोण येणार, कितीदा येणार हे नावानिशी लेखी.

चिरेबंदी, फोंडा
करार तुमच्याशी होऊ दे, पैशांत मला रस नाही. पण पाइप, बीम आणि डक्ट एका ड्रॉइंगवर आणणं माझं काम, त्याची वेगळी फी मी घेणार. आणि स्केचआधी नेमणूक झाली नाही तर तुमचं काम मी घेणार नाही.

स्ट्रक्चरवाला, मडगाव
त्यात बोअरचा खर्चही लिहा. आणि स्टील तपासायला एक दिवस आधी कळवा; काँक्रीटची गाडी गेटवर उभी असताना आम्ही रिंगा मोजू शकत नाही.

बार्देसकर
बोअरला किती लागतात, तेही सांगा मग.