खालचा वारा फसवतो

“जमिनीवर पान हलत नव्हतं, मग तासाभरात गारा आल्या कुठून?” हा वरचा प्रश्न आमच्या वरूडकडच्या संत्रावाल्यांचा नेहमीचाच. भाऊ, ढग हाकणारा वारा वर असतो, साधारण ३ ते ६ किलोमीटरवर. मागच्या फाल्गुनात मी धुऱ्यावर उभा होतो. धूळ पूर्वेकडून डोळ्यांत जात होती अन् ढगांचे माथे पश्चिमेकडून सरकत येत होते. उंचीप्रमाणे वारा असा फिरला, की ढगातला चढता झोत आणि पडणारा पाऊस एकमेकांपासून वेगळे राहतात. ढग लवकर मरत नाही, गारांना मोठं व्हायला सवड मिळते.

हे मोजायला नागपूरहून हवामान खात्याचा फुगा चढतो, सेकंदाला ५ मीटरच्या आसपास. तो कुठे वाहत गेला, त्यावरून थराथराचा वारा कळतो. पण निरीक्षण पहाटे ५.३० चं, गारपीट बहुतेक दुपारनंतरची! तोवर माप शिळं झालेलं. डॉप्लर रडार दर काही मिनिटांनी पाहतं खरं, पण एकटं रडार जवळ येणारा नि दूर जाणारा वेगच पकडतं, तोही ढग-पाऊस असेल तिथे. म्हणून २-३ तासांच्या अंदाजासाठी दुपारी आणखी एक फुगा सोडावा, असं मला वाटतं. गंजी झाकायला आम्हाला तासभर पुरतो.